बिनलग्नाच्या नूडल्स

कामनेगोल, योंगयांग
छुसकच्या सणाला अकरा दिवस बाकी

आदरणीय वन्संना,

मालसुकचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (तूर्त कागदावरच. खरोखर टेकले तर उठवायला तुमचे बंधू लागतात, आणि ते आत्ता अंगणात मिरच्या वाळत घालून त्यांच्यावर पहारा देत बसलेत. मिरच्या पळून जाणार आहेत अशी त्यांची समजूत आहे.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, आता समोरच्या इमारतीत कुणी काय वाळत घातलंय तेसुद्धा स्वच्छ दिसतं, असं तुमच्या सूनबाई फोनवर म्हणाल्या. ऐकून फार बरं वाटलं. तुमच्या नजरेतून तसं आजवरही काही सुटत नव्हतं, पण आता डॉक्टरांचा शिक्काही बसला. बुसानची समुद्राची हवा गुडघ्याला मानवते का? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? खारवलेले मासे कमी करा. मी लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण काळजी वाटते म्हणून लिहिते. आम्ही दोघंही ठीक. यंदा मिरचीचं पीक चांगलं आहे, माझी कंबर वाईट आहे, म्हणजे सगळं दरवर्षीसारखंच.

पत्र जरा लांबणार आहे, तेव्हा जवाचा चहा शेजारी घेऊन बसा. इकडे जे घडलं ते तुमच्यापर्यंत पोचलंच असेल, कारण आमच्या डोंगरातली बातमी बुसानला टपालाच्या आधी पोचते. पण ती वाटेत किती मुक्काम करत आणि प्रत्येक मुक्कामी किती खाऊन-पिऊन येते ते मला माहीत आहे. म्हणून खरं काय ते माझ्या हातानं लिहिते.

मला या छुसकला माझी मुलगी घरी हवी आहे. एवढी एकच गोष्ट हवी आहे. हेरिम तीन वर्षं सणाला आलेली नाही. काम असतं म्हणते. दवाखान्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या माणसाला पौर्णिमेच्या दिवशी असं काय काम असतं? त्या दिवशी सगळा देश आहेत त्या दातांनी जेवतो. खरं कारण तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तीन वर्षांपूर्वी पूर्वजांची पूजा आटोपून आपण जेवायला बसलो होतो, नऊ माणसं होती, हेरिमच्या हातात पळी होती, आणि एका वडीलधाऱ्या व्यक्तीनं (मी नाव घेत नाही, बुसानला पुष्कळ वडीलधाऱ्या व्यक्ती राहतात) सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, आम्हाला नूडल्स कधी खायला घालणार? आमचे दात पडल्यावर?" पोरीनं पळी खाली ठेवली, सगळ्यांची भांडी घासली आणि चारच्या बसनं सेऊलला निघून गेली. कवळ्या करणाऱ्या मुलीला दातांचा धाक घालून काय उपयोग, असं मला तेव्हा म्हणायचं होतं. सुचलं मात्र बस गेल्यावर.

आता त्या व्यक्तीला एकटीला बोल लावण्यात अर्थ नाही. विचारतं अख्खं गाव. गावाला पंगतीला बसवून नूडल्स वाढायच्या त्या फक्त लग्नात, ही आपली रीत. लांबच लांब, पांढऱ्याशुभ्र, नितळ रश्शातल्या. ज्यानं त्यानं ज्याच्या त्याच्या पोरांच्या लग्नात खाल्ल्या, आणि माझी एकच पोर, एकोणचाळीस वर्षांची, तिच्या वाटच्या तेवढ्या राहिल्या. त्यामुळे बस थांब्यावर, तेलाच्या घाण्यावर, गावच्या हॉलमध्ये पत्ते खेळताना, दिसेल तिथं तोच प्रश्न. तीन वर्षं पोरगी समोर नाही, तर मला विचारतात. मी हसून "बघू, बघू" म्हणत आले. जुलैत एक दिवस हॉलमध्ये हाच प्रश्न एका दुपारी चौघींनी विचारला, आणि चौथीच्या वेळी माझ्या हातातली चांगली पानं खाली पडली. त्या रात्री झोप नाही. सकाळी मिरच्या खुडताना मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. या लोकांना जावई कुठे हवाय? त्यांना नूडल्स हव्यात! मग घालते की नूडल्स. नवरामुलगा नसला म्हणून काय झालं, चूल आहे, पाणी आहे, माझे हात आहेत. एकदा खाऊ घातल्या की मागायला तोंड उरणार नाही. मनाशी पक्कं केलं आणि टोपली तिथंच ठेवून घरी आले. (टोपली दुपारी तुमच्या बंधूंनी आणली. काही विचारलं नाही. त्यांचा हा गुण तुमच्या घराण्यात फक्त त्यांच्याकडेच आला.)

पण पांढऱ्या नूडल्स घातल्या असत्या तर लोकांचा गैरसमज झाला असता. म्हणून ठरवलं, लाल घालायच्या. थंड, तिखट, रस्सा नाही, मसाल्यात कालवलेल्या, हेरिम तिच्या खोलीवर करून खाते तशा. दोन फायदे होते. एक तर लग्नाशी काही संबंध नाही हे आंधळ्यालाही दिसेल. आणि तोंड भाजलं म्हणजे ते काही काळ बंद राहील.

कृती विचारायला हेरिमला फोन केला. वन्सं, तुम्ही हसाल. पंचेचाळीस वर्षं मी या घरात नूडल्स उकडतेय, आणि पोरीला विचारते, "किती वेळ उकडायच्या गं?" काय करणार? एरवी आमचा फोन म्हणजे "जेवलीस?" "हो आई." "थंडी आहे का?" "नाही आई." ठेवला. त्या दिवशी मात्र पोरगी बोलायला लागली. एक चमचा गोचुजांग घे (आपल्याच रांजणातली आंबवलेली मिरची, तिला मी डबा पाठवते ना, पण विकतचीच वापरत असणार, डबा तसाच पडलेला असणार), एक चमचा तिखट, सोया, व्हिनेगर, साखर, लसूण, वरून तिळाचं तेल. पाणी उतू जायला लागलं की गार पाण्याचा हबका मार. "मग थंड पाण्यात नीट चोळून धू आई, म्हणजे चिकट होत नाहीत." "हो का?" मी म्हटलं, जणू आजच कळलं. "सात मिनिटांत होतात," ती म्हणाली. फोन अकरा मिनिटं चालला. तीन वर्षांत एवढा लांब फोन झाला नव्हता. ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थोडी रडले. मग लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, काकडी उभी चिरू की आडवी म्हणून.

सात मिनिटांच्या नूडल्सची पहिली चाचणी मी केली तेव्हा दोन तास दहा मिनिटं लागली. त्यात माझा दोष नाही. साखर घालायची लाज वाटली, म्हणून नाशपाती किसून तिचा रस काढला. लसूण सोलायला बसले तर एका गड्ड्यावर थांबवेना, चार महिन्यांचा सोलून झाला. तीळ घरचे भाजून घेतले. रस्सा लागत नाही हे माहीत होतं, पण नूडल्स करायच्या आणि सुकट-समुद्रशेवाळाचा रस्सा चुलीवर नाही, हे मनाला पटेना, म्हणून तोही केला आणि शेवटी मांजरीला घातला. आणि एक चमचा गोचुजांग घातली ती विकतची नव्हे, आपल्या मागच्या रांजणातली, तीन वर्षं मुरलेली, आपल्याच वरच्या वावरातल्या मिरचीची. तुमच्या बंधूंपुढे वाडगा ठेवला. त्यांनी एक घास घेतला. कपाळ लाल झालं, मग कान. दुसरा घास घेतला. मी म्हटलं, "कसं झालंय?" तिसरा घास गिळून त्यांनी नाक पुसलं. शेवटी म्हणाले, "किमची दे." मी विचारलं, जास्त तिखट आहे का? तर म्हणाले, "आहे म्हणूनच दे, जरा उतार पडेल." मग मला कळलं की पोरीच्या एका चमच्याला आपला पाव चमचा पुरे. कळलं, पण पाव चमचा काही मी घातला नाही. गावाला खाऊ घालायच्या तर हात आखडता कशाला?

मग हिशेब मांडला. एका माणसाला सात मिनिटं, तर चाळीस माणसांना दोनशे ऐंशी मिनिटं. म्हणजे शनिवारी बाराची पंगत असेल तर सकाळी सातला नूडल्स उकडायला घ्याव्यात, असा माझा अंदाज. सांगहोच्या आईनं (आमची शेजारीण, तिचा सांगहो चव्वेचाळीसचा आहे, तोही बिनलग्नाचा, म्हणून ती जरा माझ्या बाजूची) डोक्याला हात लावला. "अहो, सातला उकडलेल्या बाराला वाढाल तर सुरीनं कापून द्याव्या लागतील!" फुगलेल्या नूडल्स म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मग असं ठरलं की मसाला आदल्या दिवशी, अंडी सकाळी, काकडी अकराला, आणि माणसं समोर बसलेली दिसली की मगच नूडल्स पाण्यात. लष्कराची मोहीमसुद्धा एवढी आखत नसतील.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे, नूडल्स फिरत्या दुकानाच्या ट्रकवरून घेतल्या. वीस मोठी पुडकी. ट्रकवाल्यानं पुडकी मोजता मोजता माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, धूळ गेली असेल. तो इथून पुढे चार गावं करतो. दुसरी चूक, आमंत्रण द्यायचं काम तुमच्या बंधूंकडे सोपवलं. ते कू सरपंचांकडे गेले आणि म्हणाले, "शनिवारी दुपारी. आमच्याकडे. नूडल्स. सगळ्यांना." तेवढंच. लाल आहेत, लग्न नाही, हे सांगायला आणखी दोन शब्द लागले असते, आणि ते त्यांनी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले. त्याच संध्याकाळी गावच्या भोंग्यावर सरपंचांचा आवाज, आधी दोनदा खाकरणं, मग "मंडळी, ऐका हो ऐका. हेरिमच्या घरी शनिवारी दुपारी बाराला नूडल्स आहेत. होय मंडळी, अखेर आहेत." हे "अखेर" कुणी सांगितलं होतं त्यांना? मी तेव्हा बाथरूममध्ये डोक्याला रंग लावून बसले होते. बाहेर येऊन काही म्हणेपर्यंत त्यांनी तेच पुन्हा एकदा वाचलं आणि वर एक जुनं प्रेमगीत लावलं.

तरी वन्सं, मी मागे हटले नाही. शुक्रवारभर ज्याला त्याला सांगत फिरले, "लाल आहेत हो, तिखट आहेत, साध्या घरच्या आहेत." त्यावर लोक काय म्हणाले? "हो हो, आजकाल तसंच करतात. सेऊलच्या पद्धतीचं लग्न."

शनिवारी साडेअकराला अंगणात पाहते तो, माणसं चाळीस नव्हेत, साठाच्या वर. शेजारच्या गावातली, ट्रकवाल्यानं पाठवलेली. डांबराच्या गोळीच्या वासाचे सूट, ठेवणीतले रेशमी हानबोक. उल्जिनकरीण आजी, एक्याण्णव वर्षांच्या, त्या केसांत पिन खोचून, चाकाच्या खुर्चीत. आहेराचे लिफाफे होते ते मी ज्याच्या त्याच्या खिशात परत कोंबले. खालच्या आळीचे प्यो काका तर लग्नात नवराबायकोला देतात ती लाकडी हंसांची जोडी, स्वतः कोरलेली, रेशमी रुमालात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, म्हटलं उशीर व्हायला नको." माझ्या हातात लाल रबरी हातमोजे, समोर किमची घालायचं मोठं घमेलं, त्यात मसाला, आणि मागे कढईत पाणी उकळायला लागलेलं. सांगहोच्या आईनं विचारलं, "टाकू का?" मी म्हटलं, "टाक." एकदा टाकल्यावर नूडल्स कुणासाठी थांबत नाहीत.

हबका मारला, पुन्हा मारला, तिसरा मारला, उपसल्या, नळाखाली चोळचोळून धुतल्या (नीट चोळून, सांगितलं होतं तसं), घमेल्यात ओतल्या, कोपरापर्यंत हात घालून कालवल्या. लालबुंद, चकचकीत झाल्या. आता फक्त वाढायच्या. आणि तेवढ्यात कू सरपंच खुर्चीवर उभे राहिले आणि खिशातून कागद काढला. घड्या घातलेला, चार पानांचा. "आज या शुभप्रसंगी," त्यांनी सुरू केलं, आणि आधी गावाचा इतिहास, मग धरणाच्या वेळची गोष्ट. मी इकडे घमेल्याकडे पाहतेय. नूडल्स डोळ्यांदेखत फुगायला लागल्या होत्या. दुसऱ्या पानावर ते हेरिमच्या बालपणात शिरले. तिसऱ्यावर "तिचा भाग्यवान पती" आला. वन्सं, तिथं माझा बांध फुटला.

मी रांजणांच्या ओट्यावर चढले. हातमोज्यांवरून मसाला टपकत होता. लोकांना वाटलं, आता मी नवऱ्यामुलाला पुढे आणणार, काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी म्हटलं, "लग्न नाही! ठरलेलं नाही, लपवलेलं नाही, आणि तुमच्या सोयीनं होणारही नाही. पंधरा वर्षं नूडल्स मागताय, त्या या. आज पोटभर खा, दोनदा घ्या, तीनदा घ्या. पण ज्यानं वाडगा तोंडाला लावला, त्यानं माझ्या हेरिमला पुन्हा कधी विचारायचं नाही. तिला नाही आणि मलाही नाही. ती माझी मुलगी आहे, तुमची राहिलेली पंगत नाही. कबूल असेल त्यानंच काड्या उचला."

सरपंच चौथं पान हातात धरून तसेच उभे. तुमचे बंधू मिरच्यांकडे पाहत होते. मला वाटलं, आता ही सगळी उठून जातील, आणि घमेलंभर नूडल्स आणि हसं एवढंच पदरात राहील, आणि ते हसं फोनवरून सेऊलला पोचेल. मग पोरगी या गावात कधीच पाऊल टाकणार नाही. तेवढ्यात उल्जिनकरीण आजींचा आवाज आला.

"लग्न नाही?"

"नाही, आजी."

"मग भाषणपण नाही?"

"नाही."

"बरं झालं. वाढ. फुगल्या बघ."

आणि त्यांनी काड्या उचलल्या. एक्याण्णव वर्षांच्या बाईनं उचलल्यावर बाकीच्यांची काय टाप? उचलल्या सगळ्यांनी. पहिल्या घासाला गप्प, दुसऱ्याला नाकं वाहायला लागली, तिसऱ्याला रेशमी बाह्यांनी डोळे पुसणं सुरू. पुढच्या गावची एक बाई म्हणाली, "अगं बाई, कान गेले माझे!" आणि वाडगा पुढे केला. प्यो काकांनी दोनदा घेतल्या, हंस मांडीवर ठेवून. सरपंचांना अर्ध्या वाडग्यात राहवलं नाही, तोंडात घास असतानाच म्हणाले, "पण हेरिमच्या आई, एवढं सगळं खरं, तरी कुणी मुलगा..." उल्जिनकरणींनी आपल्या वाडग्यातलं अर्धं अंडं काडीनं उचलून त्यांच्या तोंडात घातलं. "खाल्लंस ना? मग गप." सरपंच गप्प बसले. त्यांच्या पुढच्या निवडणुकीत मी त्यांनाच मत देईन, एवढ्या मुकाट्यानं बसले.

घमेलं रिकामं झालं. तळाला चिकटलेला मसाला कुणीतरी भात कालवून खाल्ला. भांडी घासताना सांगहोच्या आईनं नाक ओढत हळूच विचारलं, "पुढच्या महिन्यात आमच्या सांगहोच्यापण घालू का? हे घमेलं द्याल?" मी म्हटलं, घमेलं काय, मी येते कालवायला. तिचे डोळे तिखटानं वाहत होते की कशानं, मी विचारलं नाही. प्यो काका हंस ठेवूनच गेले. परत द्यायला गेले तर म्हणाले, राहू दे, माझ्याकडे तरी कुणाचं लग्न आहे. सध्या ते वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कापडावर वजन म्हणून ठेवलेत. तेवढंच तुमच्या बंधूंना पहाऱ्यात सोबत.

तर वन्सं, झालं ते असं. तिकडे कुणी तुम्हाला "मालसुकनं लग्नाच्या नावाखाली गाव फसवलं" असं सांगितलं तर खोटं समजा, आणि "मालसुकला वेड लागलंय" असं सांगितलं तर थोडं खरं समजा. तुमच्या सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना गालगुच्चे. सणाला तुम्ही येणारच, तुमच्या आवडत्या धिरड्यांसाठी मुगाची डाळ भिजवून ठेवते. थंडी पडायला लागली आहे, सकाळी गळ्याला काहीतरी गुंडाळून बाहेर पडत जा.

तुमच्या पायांची धूळ,
मालसुक

ता.क. - ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सोबतच्या खोक्यात नूडल्सचं एक पुडकं आहे आणि बाटलीत मसाला. हा तुमचा वाटा. गावानं खाल्ल्या, तुमच्याच तेवढ्या राहिल्या होत्या. तीन मिनिटं उकडा, उतू जाताना गार पाण्याचा हबका मारा, नीट चोळून धुवा. चार चमचे मसाला म्हणून लिहिणार होते, पण रक्तदाब आहे, एकच घाला. खाऊन मगच सणाला या. खाल्ल्यानंतर काय विचारायचं नाही ते वर आलंच आहे. बाकी तिला हवं ते विचारा. तिचे केस, तिचं वजन, तिची खोली, अगदी माझ्याबद्दलसुद्धा विचारा. रागावलात तर रागवा. मी पंचेचाळीस वर्षं तुमचं सगळं ऐकलं, या एका बाबतीत ऐकणार नाही.

ता.क. २ - पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडतेय. आत्ताच हेरिमचा फोन आला. सरपंचांच्या सुनेनं तिला फोटो पाठवला, मी ओट्यावर, हातमोजे लाल, तोंड उघडं. हेरिम म्हणाली, "आई, हे माझ्यासाठी केलंस?" मी म्हटलं, नाही, नूडल्स जास्त झाल्या होत्या. ती हसली. असं हसणं मी किती वर्षांनी ऐकलं, वन्सं. मग म्हणाली, छुसकला येते, तिकीट काढलंय. मला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की काय बोलतेय ते कळायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "एकटीच?"

हो. मीच विचारलं. गावाला ओट्यावर चढून शपथ घातली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं, ठेवला फोन. मग ती अगदी हळू म्हणाली, "हो आई. एकटीच. चालेल ना?"

एकोणचाळीस वर्षांची माझी मुलगी स्वतःच्या घरी यायला मला विचारते, चालेल ना. मी म्हटलं, "ये गं माझे बाई. नुसती ये."

तेव्हा वरचा पहिला ता.क. खोडा. तुमच्याकडे माझं मागणं वेगळंच आहे. सणाला एक दिवस आधी या, आणि जेवायला माझ्या शेजारी बसा, अगदी खेटून. नवी नजर माझ्या तोंडावर ठेवा. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही मला "मालसुक, गप बस" म्हणत आलात आणि दरवेळी मला राग आला. या वेळी माझं तोंड उघडायला लागलेलं दिसलं की सगळ्यांदेखत म्हणा, मोठ्यानं म्हणा. मी गप बसेन.